नळ परत करणारी माणसं

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण एकदा मी सुरू झालो की तुम्हाला ठसका लागणार, आणि मग आतून आमच्या सौभाग्यवती ओरडणार, "मिलिंद, परत नळाचं सांगतोयस ना? लाज नाही वाटत?"

वाटते हो. पण माझ्या फजितीवर अर्धं पार्लं दोन वर्षं चहा पितंय. मग मीच काय घोडं मारलंय?

तर मला एक छंद आहे. जुन्या डॉक्युमेंटरी फिल्म गोळा करण्याचा. हसू नका. आठवतंय का, पूर्वी थेटरात मुख्य पिक्चरच्या आधी एक सरकारी माहितीपट लागायचा? काळापांढरा, मागे भारदस्त आवाज, आणि पडद्यावर भाताचं बियाणं. लोक मुद्दाम उशिरा यायचे. आलेले बाहेर वडे खात उभे राहायचे. आत आम्ही दोघंच, मी आणि डोअरकीपर. आणि तोसुद्धा झोपलेला!

मला हीरो-हिरॉईनचं कौतुक कधी वाटलंच नाही. ती माणसं पैसे घेऊन रडतात. पण माहितीपटात विहिरीत औषध टाकणारा माणूस असतो ना, त्याच्यामागे कोपऱ्यात कोणीतरी पाठ खाजवत उभा असतो. त्या बिचाऱ्याला कल्पनाच नसते की आपण फिल्मवर चाललोय. तो कोण होता? पाठ खाजवून झाल्यावर कुठे गेला? घरी काय जेवला? मला त्या माणसाचं वेड आहे. आणि फिल्म जितकी कमी लोकांनी पाहिलेली, तितकी मला जास्त प्यारी. कोणीच पाहिलेली नसेल, तर मग विचारूच नका.

असे अडतीस डबे मी जमवले होते. गोल, पत्र्याचे, गंजलेले. सगळे आमच्या दिवाणाखाली.

आता एक बारीकशी अडचण सांगतो. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. एका डब्याला आला की शेजारच्याला लागतो. त्यामुळे आमच्या घरात बारा महिने चायनीजच्या गाडीचा वास. पाहुणे आल्या आल्या नाक वर करून विचारायचे, "आज मंचुरियन वाटतं?" आणि शुभा पोह्यांची बशी पुढे करायची.

शेवटी एक दिवस तिने कमरेला पदर खोचला. तशी ती ड्रेसच घालते, पण त्या दिवशी ओढणी खोचली.

"मिलिंद, गणपतीपर्यंत डबे घराबाहेर गेले नाहीत तर मी भंगारवाल्याला बोलावणार."

"अगं, ठेवा आहे तो!"

"मग ठेव ना. दुसरीकडे ठेव."

दुसरीकडे म्हणजे कुठे? मुंबईत माणसाला ठेवायला जागा नाही, डब्यांना कोण देतो? पण आमच्या सोसायटीत खाली एक खोली आहे, कॅरमची. कॅरम तुटून दहा वर्षं झाली, नाव राहिलंय. मी ठरवलं, ती खोली डब्यांसाठी मागायची. महिन्यातून एकदा तिथे फिल्म दाखवायची. अडचण एकच. आमचे चेअरमन दामले. त्यांना ती खोली ऑनलाइन पार्सलं ठेवायला हवी होती.

"पेंडसे, पार्सल रोज येतात," दामले म्हणाले. "तुमची फिल्म बघायला कोण येणार?"

"येतील. तुम्ही एकदा दाखवू तर द्या."

दामल्यांनी जरा विचार केला. "सत्यनारायणाला दाखवा. तीर्थप्रसादासाठी सगळे खाली असतातच. लोकांना आवडली तर कमिटीत खोलीचं बघू. नाही आवडली तर पार्सलं."

म्हणजे एका फिल्मवर अडतीस डब्यांचं आयुष्य! आता फिल्म अशी पाहिजे की पार्लं हादरलं पाहिजे.

आणि तशी फिल्म माझ्याकडे होती. एकोणचाळिसावा डबा. तो मिळाला कांदिवलीला, सासूबाईंच्या घरी.

आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. सासरे अगदी मोजकं बोलायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं, "मुलगो बरो आसा, पण ऐकता कमी." मी तेव्हा म्हटलं, गिरणीत मशिनच्या आवाजात उभं राहून यांचेच कान गेले असतील.

तर कांदिवलीच्या घराला रंग काढायचा होता म्हणून मी माळा रिकामा करायला गेलो. भांड्यांच्या मागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, गोल डबा! माझे डोळे लकाकले. उघडला. आत सोळा एमएमची रीळ. वर नाव नाही, चिठ्ठी नाही, काही नाही.

"आई, हा डबा मी नेऊ?"

"न्हेवा," सासूबाई शिडीखालून म्हणाल्या. "पण जावयबापू, त्या डब्याची गजाल तुमका म्हायत आसा काय? तो तांबो होतो ना, आमच्या बाजूक..."

"आई, ही डॉक्युमेंटरी आहे. फार दुर्मीळ प्रकार असतो हा. तुम्हाला नाही कळायचं."

"मशीन आसा काय तुमच्याकडे? माका दाखवशात?"

"दाखवू, दाखवू," असं म्हणत मी जिना उतरलोसुद्धा.

आता हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

साकीनाक्याला इरफानभाई म्हणून एक आहेत. एका बाजूला स्प्रिंगचा कारखाना, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा, मध्ये यांचा गाळा. जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देतात. लोकांच्या बारशा-लग्नांच्या रिळांवर त्यांचं चालतं, त्यामुळे अभ्यासू गिऱ्हाईक आलं की त्यांना जरा शिकायला मिळतं. म्हणजे मी गेलो की.

"साहब, इसका कौनसा सिरा पहला है?" इरफानभाईंनी विचारलं.

"बाहेरचं टोक म्हणजे सुरुवात. नियम आहे."

"लेकिन किसीने चला के देखा और वापस लपेटा नहीं, तो बाहर एंड आएगा ना?"

"इरफानभाई, ही फिल्म कोणी पाहिलेलीच नाही. मी पहिला."

लावली. पडद्यावर माणसं आली, ती डोकं खाली पाय वर.

"साहब, उल्टा आ रहा है. मैं बोला था."

"कॅमेरा उलटा धरला असणार. तुम्ही कॉम्प्युटरवर चित्र फिरवा."

त्यांनी फिरवलं. माणसं पायांवर उभी राहिली. पण चालायला लागली ती मागे मागे.

"लोग पीछे चल रहे हैं, साहब."

आणि तिथे, मंडळी, तिथे माझ्या डोक्यात वीज चमकली! हे बघा, फिल्म उलटी चालतेय हे मला कळलं नव्हतं असं समजू नका. कळलं होतं. साधा माणूस असता तर म्हणाला असता, "उलटी लागलीय, सुलटी लावा." पण मी कुठे साधा? मी अभ्यासक!

"इरफानभाई," मी खुर्चीतून उठलो, "ही चूक नाही. ही शैली आहे."

"आप बोलते हैं तो होगी," म्हणाले आणि चहा मागवला. भला माणूस.

घरी येऊन मी ती सात मिनिटांची फिल्म किमान चाळीस वेळा पाहिली. मुकी फिल्म. आणि काय फिल्म होती, सांगू! चाळीचं अंगण. सुरुवातीला माणसं तोंडातून लाडू बाहेर काढून ताटात परत ठेवतायत. मग एक तरुण बाई, डोक्यावर भरलेला हंडा, पावलं मागे टाकत नळाकडे येते. चेहऱ्यावर काय संताप! एक मिशीवाला तिच्या डोक्यावरून हंडा काढून घेतो. हंडा नळाखाली जातो आणि नळ त्यातलं पाणी वर ओढून घेतो. मग कापलेली फीत आपोआप जुळते, फुटलेला नारळ एक होतो, तो मिशीवाला पाहुण्याच्या गळ्यातला हार काढून घेतो, पाहुणा पाठमोरा न होताच मागे मागे निघून जातो, आणि चाळीतल्या सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन मागे मागे आपापल्या घरी. शेवटी पाटीवर खडूने लिहिलेलं "श्री". संपलं.

मला अर्थ लख्ख दिसला. लोकांनी नळ परत केला होता!

सरकारने चाळीला नळ दिला आणि त्या मानी माणसांनी तो घेतला नाही! लाडू परत, हार परत, पाणी परत! आणि कोण्या अज्ञात दिग्दर्शकाने हे बंड टिपलं, तेही उलट्या चालीत, तथाकथित प्रगतीला पाठ न दाखवता मागे नेत. माझ्या अंगावर काटा आला. मी सहा पानांचं टिपण लिहिलं. "नळ परत करणारी माणसं : एका विसरलेल्या बंडाचा अस्सल पुरावा." साठ प्रती झेरॉक्स केल्या.

शुभाने पहिलं पान वाचलं. "ही फिल्म आईच्या माळ्यावरची ना? मग आईला विचारलंस का?"

"आईंना काय विचारायचं? त्यांना डॉक्युमेंटरी म्हणजे काय ते तरी..."

"फोन आला होता तिचा. विचारत होती, डब्याचं काय झालं. तुला काहीतरी सांगायचंय म्हणाली."

"सत्यनारायणाला येणारच आहेत ना? तेव्हा सांगतील."

सत्यनारायणाला सासूबाई आल्या. नवी कोरी नऊवारी, अंबाड्यात अबोली. इतकं नटलेलं मी त्यांना शुभाच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. पूजा पार्किंगमध्ये. दामल्यांच्या गाडीच्या मागे पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला. आरती झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले, साठेक माणसं खुर्च्यांवर बसली. सासूबाई पहिल्या रांगेत, मधोमध.

"जावयबापू," त्यांनी माझा सदरा ओढला. "लावच्या आधी माझां जरा आयका."

"आई, नंतर. आता सुरू करायचंय."

आणि मी माईक घेतला.

काय बोललो मी त्या दिवशी! वीस मिनिटं नुसती प्रस्तावना. माणसाचा स्वाभिमान, हंड्याचं प्रतीक, उलट चालीचं तत्त्वज्ञान. मागच्या रांगेत दोघं-तिघं दुसरा द्रोण घेऊन आले. मग फिल्म सुरू झाली आणि सोबत माझं भाष्य.

"बघा! तोंडातला घास काढून परत! याला म्हणतात अन्नत्याग!"

"शी," कोणीतरी म्हणालं.

"आणि ही बघा, ही बाई! ही या बंडाची नायिका! तो चेहरा बघा. सरकारबद्दलचा किती पिढ्यांचा राग एकवटलाय त्या गालात!"

पहिल्या रांगेतून हालचाल झाली. मी लक्ष दिलं नाही.

"आणि हा मिशीवाला. ओळखा याला! याने तिच्या डोक्यावरचा हंडा हिसकावला. हा सरकारचा माणूस. दलाल! प्रत्येक चाळीत असा एक दलाल असतोच, मंडळी. बघा कसा कंबरेत वाकतोय पाहुण्यापुढे. लाचारी बघा!"

साठ माणसांनी त्या मिशीवाल्याकडे तिरस्काराने पाहिलं. एक आजोबा तर "हरामखोर" म्हणाले. मला भरून आलं. माझं भाष्य लोकांच्या काळजाला भिडत होतं.

दामल्यांनी हात वर केला. "पेंडसे, एक शंका. हे कुठलं म्हणालात? कांदिवली?"

"हो. कांदिवलीची चाळ."

"आणि लोक म्हणाले, पाणी नको?"

"नको!"

"अहो, मुंबईत पाणी नको म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

लोक हसले. मी हसलो नाही. "दामलेसाहेब, म्हणूनच ही फिल्म दुर्मीळ आहे!"

नारळ जुळला तेव्हा मी "फुटलेल्या समाजाचं ऐक्य" असं काहीतरी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, पडल्या. कॅरमची खोली मला समोर दिसायला लागली. रॅक कुठे ठोकायचे ते मी मनात ठरवत होतो. बायका रिकामे हंडे घेऊन मागे मागे गेल्या, आणि शेवटी पाटी आली. खडूने लिहिलेलं "श्री".

"शेवट हाच आरंभ!" मी माईकमध्ये गरजलो.

दामले खुर्चीत पुढे सरकले. "पेंडसे, 'श्री' शेवटी कोण लिहितं हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे वहीत, पत्रिकेत, चोपडीत, 'श्री' कुठे लिहितात? वर. सुरुवातीला. तुम्ही बारावीच्या पेपरात शेवटी 'श्री' लिहून आला होतात काय?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मी कवाधरना सांगतंय, ह्यां उलटां लावल्यात. आणि दलाल खंयचो? शुभाचो बापूस तो!"

मंडळी, माझ्या हातात माईक होता. चालू होता. त्यातून साठ माणसांना फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

शुभा उभी राहिली. तिने कधी वडलांना मिशीत पाहिलंच नव्हतं. तिला कळायला लागलं ते टकलापासूनच. "बाबा?" ती म्हणाली. "ते बाबा होते?"

"मग कोण? आणि ती बाय मी. राग खंयचो घेऊन बसल्यात? माझी दाढ ठणकत होती."

हसू फुटलं म्हणजे काय, चादर हलली! तो "हरामखोर" म्हणालेला आजोबा द्रोणात तोंड घालून बसला. पिढ्यांचा राग एकवटलेला तो गाल सुजलेला होता हो! दाढेने!

दामल्यांची सून केतकी व्हिडिओ एडिटिंगचंच काम करते. ती लॅपटॉपशी येऊन बसली. "काका, पाच मिनिटं द्या. सुलटी करून देते."

"अगं, पण ती शैली..." मी सुरू केलं.

शुभाने माझ्या एका हातातला माईक काढून घेतला आणि दुसऱ्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला. "खा," म्हणाली. माईक तिने आईकडे दिला.

त्या पाच मिनिटांत सासूबाईंनी जे सांगितलं, ते त्या मला माळ्याखाली सांगणार होत्या, फोनवर सांगणार होत्या, पूजेच्या आधी सांगणार होत्या. शेजारी तांबे म्हणून एक जण राहायचे. सरकारी फिल्म खात्यात कॅमेरा उचलायचं काम. चाळीत नळ नव्हता, बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. सासऱ्यांनी दोन वर्षं अर्ज करकरून नळ आणला. ज्या दिवशी नळ आला त्या दिवशी तांब्यांनी उरलेल्या फिल्मवर हे चित्र काढलं, खात्यात एकदा चालवून बघितलं, आणि रीळ परत न गुंडाळता तशीच डब्यात घालून नव्या नवरीला, म्हणजे सासूबाईंना, भेट दिली. इरफानभाई, माफ करा!

"पण आमी ह्यां कधी बघूकच नाय," सासूबाई म्हणाल्या. "बघूचां खंय? डबो होतो, मशीन खंय होती? शुभाचो बापूस म्हणायचो, ठेव, एक दिवस बघूया. इतकी वर्सां ठेवलंय. आज पयल्यांदा बघूचां म्हणान हां लुगडां नेसान इलंय. आणि बघलंय तां काय, तर ते माझ्याकडसून मागे मागे जातत, आणि जावय माईकवरसून त्येंका गाळी घालता."

मी द्रोणात बघत होतो. मला लाज वाटली, आणि ती नेहमीची विनोदी लाज नव्हती. साठ माणसांत ज्या एकाच माणसासाठी ती फिल्म काढलेली होती, तिला मी इतके दिवस "नंतर" म्हणत होतो. कोपऱ्यात पाठ खाजवणाऱ्या अनोळखी माणसाचं आयुष्य शोधायला मी साकीनाक्यापर्यंत जायचो. आणि फिल्ममधली जिवंत बाई माझा सदरा ओढत होती, तर मी तो सोडवून घेतला.

केतकीने फिल्म लावली.

पाटी आली. "श्री". लोकांनी टाळ्या वाजवल्या, जास्तच वाजवल्या. मग बायका रिकामे हंडे घेऊन पुढे आल्या. तोंडाने पुढे, माणसांसारख्या. पाहुणा आला, सासऱ्यांनी वाकून हार घातला. नारळ फुटला, फीत कापली, नळातून पाणी खाली आलं. खाली! इतकं साधं दृश्य, पण अख्खं पार्किंग "आलं, आलं!" म्हणून ओरडलं.

आणि सासूबाई माईकवर. काय बोलत होत्या हो! ही शेवंता, हिचो हंडो नेहमी पुढे. हो पाहुणो, ह्येना तीन लाडू खाल्ल्यान आणि एक खिशात घातल्यान, आता बघा! आम्ही बघितलं, आणि खरंच घातला. मी चाळीस वेळा फिल्म पाहिली होती. मला वाटलं होतं, तो खिशातून लाडू काढून लाच परत करतोय.

पण त्याआधी, लाडवांच्या आधी, तो क्षण आला. हंडा भरला. मिशीवाला पुढे झाला, हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या तरुण मुलीच्या डोक्यावर हलकेच ठेवला. ठेवताना काहीतरी म्हणाला. मुकी फिल्म, नुसते ओठ हलले.

"काय म्हणाले ते?" केतकीने विचारलं.

"म्हणाले, सावकाश जा, दाढ दुखता ना," सासूबाई म्हणाल्या. फिल्म संपली. मग म्हणाल्या, "परत लाव गो बाय."

तीनदा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी माईक खाली ठेवला आणि नुसत्या बघत राहिल्या. शुभा त्यांचा हात धरून खाली जमिनीवर बसली होती. दामले मागे उभे होते, चष्मा पुसत. आणि मी? मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात शिरा घातला.

आता तुम्ही म्हणाल, खोलीचं काय झालं?

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. मी मान खाली घालून गेलो. पण लोकांनीच विषय काढला. असल्या आणखी फिल्म आहेत का, परत कधी दाखवणार, आजींना बोलावणार का. मला एकदम हुरूप आला. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाडकरू बसले होते, त्यांना सत्यनारायण चुकला होता. मी म्हटलं, यांना बिचाऱ्यांना उलट्या चालीमागचा विचार समजावून सांगावा. सांगत होतो. मध्ये दामले काहीतरी वाचत होते. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. खोलीच्या ठरावाला मी हात वर करणार नाही तर कोण करणार?

खोली मिळाली! अडतीस डबे आता तिथे आहेत. एकोणचाळिसावा कांदिवलीला परत गेला, त्याच लुगड्यात. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फिल्म असते. खुर्च्या कमी पडतात. सासूबाई आल्या की तर उभं राहायलाही जागा नसते.

सभेचा वृत्तांत आठवड्याने नोटीस बोर्डावर लागला. मी वाचायला गेलो, आणि तिथेच उभा राहिलो.

"ठराव क्रमांक ४ : कॅरमची खोली श्री. मिलिंद पेंडसे यांच्या फिल्मसाठी देण्यात येत आहे. अट : श्री. पेंडसे यांनी फिल्मच्या आधी, फिल्म चालू असताना व फिल्म संपल्यानंतर बोलू नये. सूचक : सौ. शुभा पेंडसे. ठराव एकमताने मंजूर."

मी तरातरा दामल्यांकडे गेलो. म्हटलं, "एकमताने कसा? मी विरोध केला असता!"

"पेंडसे, तुमचा हात वर होता," दामले म्हणाले. "ठराव मी दोनदा वाचला. तुम्ही बोलत होतात."